सासूबाईंना समुद्र दाखवायचा होता

सोमवार, ९ जून. मासात्लान

पोचलो. लिफ्ट बंद!

खोली तिसऱ्या मजल्यावर. काउंटरवरची ग्रिसेल्दा म्हणते, "आजच बिघडली हो, ताई." दारावर चिकटवलेला कागद उन्हानं पिवळा पडलाय, कडा वळल्यात — आणि म्हणे आजच.

सासूबाईंना, म्हणजे दोन्या चेंचांना, जिन्यातून वर नेलं. एक पायरी, मग थांबा. कठडा धरा. श्वास घ्या. पुढची पायरी. दुसऱ्या मजल्यावर त्या म्हणाल्या, "मला इथंच ठेव, वरून येता-जाता बघत जा." मी हसले नाही. माझ्या खांद्यावर त्यांचं सगळं ओझं, दुसऱ्या हातात बॅग, मनगटावर हॉटेलचा हिरवा प्लॅस्टिकचा पट्टा.

खोलीत एक पलंग मोठा, एक छोटा. ए.सी. चालतो, पण छोट्या पलंगावर गळतो. म्हणजे माझ्या. खिडकीतून समुद्र दिसतो, हे खरं. अर्धा. उरलेल्या अर्ध्यावर शेजारच्या हॉटेलची पाण्याची टाकी.

नणंदेनं, नोएमीनं, शोधून शोधून हेच निवडलं! स्वतः एर्मोसियोत अंगणातल्या दोन गाड्या सांभाळते, आणि आईला आयुष्यात पहिल्यांदा समुद्र दाखवायचा तर हे हॉटेल.

पाय ठणकतायत. बास.


मंगळवार, १०

इथं कुणी वाचणार नाही, म्हणून लिहून टाकते.

शनिवारी नोएमी गाडी घेऊन येणार आणि आईला घेऊन जाणार. आठवड्यासाठी नाही — कायमची. दोन्या चेंचांना अजून काही सांगितलेलं नाही.

चानो जाऊन दोन वर्षं झाली. नवरा गेला, त्याची आई माझ्याकडे राहिली. दुसरं कोण करणार होतं? तिच्या पायाच्या जखमा, साखर, अंघोळ, औषधं. सकाळी शिवणकामाच्या कारखान्यात, दुपारी धावत घरी, परत कारखान्यात. वणव्यासारखं आयुष्य पेटलंय असंही नाही — नुसतं धुमसतंय. ईस्टरच्या आधी एक दिवस स्वयंपाकघरात उभ्या उभ्या नोएमीला फोन केला आणि रडले. म्हटलं, तुझी आई वाईट नाही, पण आता माझ्याच्यानं होत नाही गं.

चार-पाच दिवसांनी तिचा फोन आला. "मी नेते आईला. पण आधी तिला एकदा समुद्र बघायचाय. तू घेऊन जा, हॉटेलचं मी बघते. तिथूनच तिला घेऊन जाईन."

समुद्र मीही पाहिला नव्हता, आमच्या दुरांगोहून दिवसभराचाही रस्ता नाही तरी. पण ते कुणी विचारलं नाही. मीही बोलले नाही.

दोन्या चेंचांनी आज सकाळी खिडकीत बसून समुद्र नीट पाहिला. बराच वेळ. मग निकाल दिला — "एवढं पाणी, आणि घोटभर प्यायच्या कामाचं नाही!"

आणि मग सुरू झाली पळापळ. "जा, खालून नारळ आण. त्या लाल छत्रीवाल्याकडचाच." आणला. "मऊ आहे. कडक आण. आणि समोर उभी राहून फोडून घे, फसवतात." पुन्हा खाली. दुपारी म्हणे, वाळू आण, कशी असते बघू दे. कागदी कपात वाळू भरून आणली. बोट घातलं आणि म्हणाल्या, "ही कोरडी आहे. ओली आण."

ओली वाळू! मी म्हटलं, "मी इथं हमालीला आलेय का?"

"मग कशाला आलीयस?" त्या म्हणाल्या. खोचकपणे. चेहरा तसाच, दगडी.

ओली वाळू आणली नाही. त्यांनी परत मागितलीही नाही.


बुधवार, ११

अंघोळ घालताना न्हाणीघरात दोघीही घसरलो. लागलं नाही. हसूही आलं नाही. ओल्या फरशीवर पाठीला पाठ लावून बसून राहिलो, उठायचं बळ येईपर्यंत.


गुरुवार, १२

आज म्हातारीनं कमाल केली.

मी नाश्त्याची थाळी वर घेऊन आले — घेवडा, अंडं, पपईची फोड, आणि कॉफी म्हणून जे काही देतात ते. बघते तर ग्रिसेल्दा खोलीत, आणि तिच्यामागे उपाहारगृहातले दोन वेटर, हातात पांढरी प्लॅस्टिकची खुर्ची. माझ्यामागे फोन लावून मागवून घेतले होते सगळ्यांना!

"सासूबाई म्हणतात, त्यांना खाली न्या, नाहीतर त्या खिडकीतून चादर बांधून उतरतील," ग्रिसेल्दा म्हणाली. "आमच्याकडे नवीन चादरी नाहीत, ताई."

मग काय, दोन्या चेंचा खुर्चीत, वेटर दोन बाजूंना, आणि मी मागून काठी, टोपी, औषधांची पिशवी घेऊन. जिन्यात भेटेल त्याला त्या हात वर करून आशीर्वाद देत होत्या, मिरवणुकीतल्या मूर्तीसारख्या. एका पोहायच्या चड्डीतल्या माणसानं खरोखर छातीवर क्रूस काढला!

वाळूत खुर्चीचे पाय रुतले. छत्री भाड्यानं घेतली. सगळ्या किनाऱ्यावर बँडवाल्यांचा धुमाकूळ — एक टोळी इकडे, एक तिकडे, दोघांची वेगवेगळी गाणी एकमेकांत कालवलेली, आणि वर ते पोटाएवढं पितळी वाद्य भों-भों करतंय. माझं डोकं फुटायची वेळ. शेजारच्या छत्रीखाली चिवावाकडचा एक जाडा गृहस्थ, बायको-मुलीसकट. सकाळपासून बिअर घेत होता. त्यानं बँड बोलावला आणि नाचायला लागला. एकटाच. बायको म्हणाली, माझे गुडघे गेलेत.

दोन्या चेंचांनी काठीनं मला ढोसलं आणि त्याला ओरडून सांगितलं, "ओ दादा, हिला घ्या! हिचे गुडघे शाबूत आहेत!"

मला जमिनीनं पोटात घ्यावं असं झालं. म्हटलं, "दोन्या चेंचा, मी विधवा आहे."

"मग? मीही आहे. माझ्यावर तर दोनदा ती वेळ आली. ऊठ."

उठले. नाही म्हणणं जास्त दमवणारं होतं. त्या माणसाच्या घामाचा आणि लिंबाचा वास. त्यानं एकदा माझ्या पायावर पाय दिला, एकदा मी त्याच्या. त्याची बायको टाळ्या वाजवत होती. वाळूत पाय उचलता येत नाहीत, नुसते ओढायचे. पण एका ठिकाणी — कसं लिहू — एक गिरकी बरोबर पडली. आपोआप. चानोबरोबर पडायची तशी.

गाणं संपलं आणि मी घाईघाईनं परत छत्रीखाली आले. दोन्या चेंचा माझ्याकडे न बघता कोळंबी खात होत्या — लिंबात भिजवलेली, त्यांना मनाई असलेली, हिरव्या मिरचीसकट.

"जड झालीयस," म्हणाल्या. "सराव नाही."

मी त्यांच्या हातातली वाटी काढून घेतली. पाण्याकडे लोक जात होते, मुलं किंचाळत होती. "तूही जा," त्या म्हणाल्या, "माझ्या डोळ्यांसमोरून टळ जरा." मी म्हटलं, तुमची खुर्ची कोण धरेल? खुर्ची कलली होती, ते खरंच होतं. उन्हं उतरेपर्यंत धरून बसले.

तीस वर्षं एका घरात काढली आम्ही. अजून त्यांना मी डोळ्यांसमोर नको असते.


शुक्रवार, १३

सांगितलं.

काल ठरवलं होतं की आज सांगायचंच. उद्या नोएमी दारात उभी राहणार, तेव्हा कळलं तर ती फसवणूकच. दुपारी पायाचं ड्रेसिंग बदलत होते. खाली मान घालून बोलता येतं, म्हणून तीच वेळ निवडली. पट्टी गुंडाळता गुंडाळता म्हटलं, "दोन्या चेंचा, उद्या नोएमी येतेय. तुम्हाला न्यायला. तिच्याकडे राहायला."

वाटलं होतं आता ऐकावं लागेल. माझ्या पोराचं घर, माझ्या पोराच्या बायकोनं मला काढलं, असं काहीतरी. उत्तरंही तयार ठेवली होती. बसमध्ये पाठ केली होती!

त्या म्हणाल्या, "कायमची का?"

"हो."

"तिच्याकडे गरमी फार. पंखा आहे का विचारलंस?"

मी वर बघितलं. त्या खिडकीकडे बघत होत्या. टाकीकडे.

"ए.सी. आहे," मी म्हटलं. "प्रत्येक खोलीत."

"गळत नसला म्हणजे झालं. पट्टी सैल बांधलीयस."

एवढंच! तीस वर्षांचा निरोप — पंखा आणि पट्टी. मी न्हाणीघरात जाऊन नळ सोडला आणि उभी राहिले. सुटले म्हणून रडू यायला हवं होतं. तसलं नव्हतं ते. मला राग आला होता. मी रोज मरमर मरायचं, आणि हिला जाताना एवढंसुद्धा वाटू नये?

पट्टी परत बांधली. घट्ट.


शनिवार, १४

नोएमी अकराच्या सुमाराला आली. केस नवीन रंगवलेले. वर येऊन धापा टाकत म्हणाली, "लिफ्ट नाही? आईला तीन जिने चढवलेस?"

"तूच निवडलंस हॉटेल," मी म्हटलं.

ती काहीतरी बोलणार होती. दोन्या चेंचांनी खाटेवर काठी आपटली. "भांडायचं तर गाडीत बसून भांडा. ऊन वाढतंय."

मी नोएमीला औषधं समजावली. सकाळची कोणती, जेवणाआधीची कोणती, जखम कशी धुवायची, गोड कुठं लपवतात — उशीच्या अभ्र्यात. ती मान डोलवत होती. तिला काय लक्षात राहणार, देव जाणे. तेच दोन वेटर आले, तीच खुर्ची. या वेळी आशीर्वाद नाहीत.

गाडीत बसवलं. पट्टा लावला. त्यांनी माझं डोकं खाली ओढलं आणि अंगठ्यानं कपाळावर क्रूस काढला — घाईघाईनं, भांड्यावरचा डाग पुसावा तसा. "तुझा चेहरा उतरलाय, आंपारो. जरा खात जा." आणि काच वर केली.

मीही परत निघणार होते. बॅग घेऊन काउंटरवर गेले तर ग्रिसेल्दा म्हणते, "ताई, कुठं? तुमची खोली बुधवारपर्यंत आहे. तुमच्या एकटीच्या नावानं."

नोएमीला तारखासुद्धा नीट घेता येत नाहीत. पण बस पकडायचं त्राण नव्हतं. परत वर चढले. या वेळी एकटीच. जिना लहान झाल्यासारखा वाटला.


रविवार, १५

झोपले. मोठ्या पलंगावर.

दुपारी दचकून उठले, इंजेक्शनची वेळ झाली म्हणून. मग आठवलं. परत झोपले. खाली गेले नाही. कुणाशी बोलले नाही. ग्रिसेल्दानं दारात टॉवेल ठेवला होता, आणि सोबत एक आंबा.


सोमवार, १६

नोएमीला फोन केला. म्हटलं, खोलीचे जास्तीचे दिवस चुकून घेतलेस, अजूनही सांगितलं तर पैसे परत करतील कदाचित.

ती म्हणाली, "वहिनी, ते हॉटेल माझं नव्हतं."

"म्हणजे?"

"आईनं घेतलं. पैसे कुठून आणले विचारू नकोस, मी विचारलं तर शिव्या बसल्या. तू रडत मला फोन केलास ना — ती स्वयंपाकघराच्या दाराशीच होती. दुसऱ्या दिवशी तिनं मला फोन केला. म्हणाली, मला घेऊन जा, आणि आधी आंपारोला समुद्रावर पाठव. मी म्हटलं, मग तसं सांगूया तिला. तर म्हणाली, स्वतःसाठी म्हटलं तर ती पाऊल उचलायची नाही. म्हातारीला बघायचाय असं सांग, म्हणजे येईल."

म्हटलं, आईंना फोन दे.

"झोपलीये. परवा सगळ्या वाटभर आणि आज सकाळपासून एकच चालू आहे — आंपारो पाण्यात गेली का, फोन करून विचार. उठली की परत विचारेल. काय सांगू?"

"सांग, गेली."

फोन ठेवलाय. चपला काढल्यात. त्या उठायच्या आत पाण्यात पोचायला हवं.