कलम चार

सोमवार, १६ मार्च

चि. धाकटीस,

अनेक उत्तम आशीर्वाद. ते तुझ्या वयाला आहेत, हुद्द्याला नाहीत.

आज सोमवार, सोळा मार्च, दुपारी तीन वाजून पाच मिनिटांनी तुझ्या शाळेच्या फाटकात माझा अपमान झाला. तक्रार करताना आधी तारीख, मग वेळ, मग जागा आणि सगळ्यात शेवटी रडगाणं, असं कॉन्व्हेंटच्या सिस्टर्सनी आपल्याला शिकवलं होतं. मी शिकले. तू बहुधा त्या दिवशी आजारी होतीस.

घडलं ते असं. मी नेहमीसारखी भिंगरीला आणायला आले. तुझ्या रखवालदारानं मला फाटकाबाहेरच थांबवलं आणि आपली नात शाळेच्या व्हॅननं गेली, असं स्वतःच्या बुटांकडे बघत सांगितलं. कुणाच्या परवानगीनं, असं मी विचारलं. त्यावर त्या भल्या माणसानं तुझं वसंत वार्तापत्र माझ्या हातात ठेवलं आणि शेवटच्या पानावर बोट टेकवलं. 'कुटुंबांसाठी मार्गदर्शन', कलम चार: मुलांना न्यायला येणारी व्यक्ती शक्यतो सत्तरीच्या आतली असावी.

धाकटे, मी एकाहत्तरची आहे, हे तुझ्याइतकं कुणाला माहीत नाही. फाटकाशी उभं राहणाऱ्यांत सत्तरी ओलांडलेली मी एकटीच. बाकीच्या आज्या अजून केसांना रंग लावतात. म्हणजे हे मार्गदर्शन नव्हे, हे माझं वर्णन आहे. त्यावर कळस म्हणजे व्हॅनच्या अर्जावर सही माझ्याच पोटच्या पोराची!

मुळात हे कशामुळे झालं, ते मी ओळखून आहे. बुधवारी शाळा बारालाच सुटली आणि मी नेहमीप्रमाणे तीनला आले, पोर तोवर तुझ्या खोलीत बसून राहिली, त्याचा हा सूड. पण तो गोंधळ कुणाचा? तू सोमवारी पत्रक छापलंस, 'परवा शाळा बारालाच सुटेल.' ते भिंगरीच्या दप्तरातून माझ्या हातात पडलं मंगळवारी. मंगळवारचा परवा म्हणजे गुरुवार, हे तुझ्या पहिलीतली पोरंही सांगतील. आपल्या भाषेतला परवा मागेही जातो आणि पुढेही जातो. त्याला तारखेच्या दाव्याला बांधलं नाही तर तो चरत कुठेही जाणार. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये माझा जन्म गेला. परवाचा ट्रंक कॉल लावून द्या असं कुणी म्हटलं की आधी तारीख विचारायची, हा नियम माझ्या हाताखालच्या मुलींना मी पाठ करायला लावला होता. तुला ना परवाची पर्वा, ना थोरल्या बहिणीची.

तेव्हा कलम चार मागे घे आणि भिंगरीला आणण्याचं काम मला परत दे. फोन करू नकोस. फोनवर तू 'बघते हं ताई' म्हणतेस आणि मग काहीच बघत नाहीस. कागदावर सुटका नसते.

लोभ आहेच, पण आज तो फाटकाबाहेर उभा आहे.

तुझी थोरली

*

मंगळवार, १७ मार्च

ती. ताईस,

सा. न. वि. वि.

तुझं पत्र रखवालदारानं मला दोन बोटांत धरून आणून दिलं, जणू पाकीट गरम होतं. तू त्याला काय बोललीस ते तो सांगत नाही. फक्त आपल्याला बाईंच्या ताई आवडतात, पण लांबून, असं म्हणाला.

परवाची चूक माझी. शंभर टक्के माझी. सगळ्या शिक्षकांना तुझं ते दाव्याचं वाक्य वाचून दाखवलं (खालचं बहिणीचं गाळून). पुढच्या पत्रकापासून वार आणि तारीख दोन्ही छापू. भिंगरी त्या दिवशी माझ्या खोलीत मजेत होती. तिनं माझे सगळे खडू उंचीप्रमाणे लावले आणि मुख्याध्यापिकेला दिवसभर काहीच काम नसतं, असा निष्कर्ष काढला.

शाळेत वसंत म्हणजे काय हे बाहेरच्यांना कळायचं नाही. बाहेर पालवी फुटते, आमच्याकडे नाकं वाहतात. सकाळी गारठा म्हणून आया स्वेटर घालून पाठवतात, दुपारी उकडतं म्हणून पोरं ते काढून फेकतात. माझ्या खोलीबाहेर बेवारशी स्वेटरांचा ढीग कमरेइतका झालाय. पहिलीच्या वर्गानं कागदी पेल्यांत घेवड्याच्या बिया लावल्यात. तुझी भिंगरी रोज सकाळी आपलं बी उकरून काढते, किती वाढलं ते बघते आणि परत पुरते. त्याला श्वास तरी घेऊ दे, असं तिच्या बाईंनी समजावलं. त्यावर, बघितलं नाही तर ते जिवंत आहे हे कसं कळणार, असं तिनं विचारलं.

कलम चारचं म्हणशील तर ते सगळ्यांसाठीच आहे ग. फाटकासमोर गाड्या फार वाढल्यात, रस्त्याकडेच्या झाडांची छाटणी चाललीय, त्यात हा वारा. सांभाळून असावं इतकाच त्यात हेतू. तूही थोडे दिवस विश्रांती घे. भिंगरी काल व्हॅनमध्ये मजेत बसली.

लोभ बाहेर उभा करू नकोस, धूळ फार उडते. आत घे.

तुझी धाकटी

*

बुधवार, १८ मार्च

चि. धाकटीस,

अ. उ. आ.

गाड्या, झाडं आणि वारा. एका गोष्टीला तीन कारणं मिळाली की चौथं खरं असतं. एक्स्चेंजमध्ये लाइन का जोडत नाही म्हणून विचारलं की नव्या मुली असंच करायच्या. पाऊस म्हणायच्या, तार म्हणायच्या, पलीकडून उचलत नाहीत म्हणायच्या, आणि प्लग हातातच असायचा.

विश्रांती घे म्हणतेस. घेऊन बघितली. दुपारी पावणेतीनला माझे पाय आपोआप चपलांत जातात. मग मी त्या काढते. मग खिडकीशी जाते, मग स्वयंपाकघरात, मग पुन्हा चपलांशी. काल चहा दोनदा केला आणि दोन्हीदा ओतून दिला. खालच्या मजल्यावरचा शिंपी दुपारी झोपतो. तो वर येऊन, आपल्याकडे कुणी पाहुणे आलेत का, फार पावलं वाजतात, असं विचारून गेला. एकटी बाईसुद्धा घरात चालू शकते, असं त्याला सुनावलं.

त्यात घरच्यांची तऱ्हा. सून एकाएकी साखर झालीय. माझ्या हातातली सुरी काढून घेते आणि तुम्ही बसा हो आई, म्हणते. गेल्या आठवड्यापर्यंत हीच बाई माझ्याशी धुण्याच्या वळणीवरून भांडत होती, तेव्हा घरात कसं मोकळं वाटायचं! मुलगा तर माझ्याशी दवाखान्यातल्या आवाजात बोलतो. औषधं घेतलीस का, किल्ली कुठं ठेवलीस, आज वार कोणता. काल मी वार मुद्दाम चुकीचा सांगितला. दोघांनी एकमेकांकडे बघितलं. त्या बघण्यात तू कुठंतरी आहेस, धाकटे. माझं नाक अजून शाबूत आहे.

आता खरं सांगते म्हणून ऐक. मला तुझ्या कलमाचं एवढं दुःख नाही. पण ती वाट माझी आहे. सकाळपासूनचा दिवस मी त्या वाटेसाठी रेटते. कोण कुणाला चावलं, कुणाचा दात पडला, कोणत्या बाई नवऱ्याशी भांडून आल्यासारख्या दिसत होत्या, सगळं भिंगरी मला चालता चालता सांगते. व्हॅनमधून उतरलेली भिंगरी काहीच सांगत नाही. शाळेत काय झालं म्हटलं, तर काही नाही म्हणते. सांगायचं ते सगळं व्हॅनमध्येच सांगून झालेलं असतं, आणि ऐकायला कोण, तर ड्रायव्हर!

चौथं कारण कळव. आणि शाळेच्या शिक्क्याचा कागद वापरू नकोस. त्या शिक्क्याच्या मागं तू लहानपणी पडद्यामागं लपायचीस तशी लपतेस, आणि तेव्हासारखेच पाय दिसतात.

लोभाचं नंतर बघू.

थोरली

*

गुरुवार, १९ मार्च

ती. ताईस,

सा. न. वि. वि.

हा माझा घरचा कागद आहे. तीन फाडून हा चौथा.

पहिलीला सध्या 'माझ्या घराची वाट' असा पाठ आहे. शाळेतून घरी कसं जातो ते प्रत्येकानं उभं राहून सांगायचं. गेल्या गुरुवारी मी वर्गात मागं बसले होते. भिंगरी उठली आणि मोठ्या ऐटीत म्हणाली की आपल्या आजीचा आणि आपला एक खेळ आहे. आपण इंजिन, आजी डबा. प्रत्येक वळणावर डब्यानं विचारायचं, आता कुठं? मग इंजिनानं शिट्टी मारून वळायचं. डब्याला रस्ता माहीत नसतो, असंही तिनं वर्गाला समजावलं. पोरं खूप हसली. मीही हसले.

मग ती म्हणाली की एके दिवशी इंजिनच चुकलं. दोघी मोठ्या दवाखान्याच्या मागं गेल्या, जिथं कपडे धुण्याच्या मशीनची वाफ बाहेर येते. डबा एका बाकावर बसला आणि बराच वेळ बोललाच नाही. मग एका पोस्टमननं घरापर्यंत आणून सोडलं. ही गंमत घरी सांगायची नाही असं ठरलंय, पण शाळा म्हणजे काही घर नव्हे.

ताई, शाळेपासून तुझ्या घरापर्यंत तीन वळणं आहेत. त्या वाटेवर तू मला बोट धरून नेलं आहेस.

मी तुझ्याकडे यायला हवं होतं. आले नाही. तुझ्या मुलाला बोलावून सांगितलं, आणि तुला एकटीला वाईट वाटू नये म्हणून सगळ्या गावाच्या म्हाताऱ्यांवर कलम घातलं. तुझ्या जिभेला भ्याले असं म्हटलं तर तू खूश होशील. पण मी त्याला भ्याले नाही. मी विचारलं आणि तू काहीच बोलली नाहीस तर, याला भ्याले.

रागाव. पण लिहीत राहा. लोभ माझ्या बाजूनं आहे तिथंच आहे.

तुझी धाकटी

*

शुक्रवार, २० मार्च

चि. धाकटीस,

आशीर्वाद.

आधी राग. तो माझा हक्क आहे. तुला माझ्याबद्दल काही कळलं आणि तू ते माझ्या मुलाला सांगितलंस, माझ्या सुनेला कळू दिलंस, छापून सगळ्या दप्तरांत घातलंस, फक्त मला सांगितलं नाहीस. एवढ्या लोकांना जोडून दिलंस आणि ज्या बाईचा कॉल तिला वगळलंस. घरात कालपासून मी कुणाशी बोललेले नाही. सुनेनं घाबरून वळणीवरून पुन्हा भांडण काढलं, तेवढंच बरं वाटलं.

आता उत्तर. भिंगरी खोटं बोलत नाही.

इंजिनाचा खेळ मीच काढला. आधी खेळच होता. पोरीला स्वतःची वाट ओळखता यावी, आपण काही जन्माला पुरणार नाही, असं मनात होतं. मग एके दिवशी औषधाच्या दुकानाचा कोपरा आला. त्यांनी पाटी बदलली होती, समोरच्या झाडाला अंगभर नवी पालवी आली होती, आणि तो सगळा कोपरा दुसऱ्याच कुणाच्या तरी गावातला वाटला. मी उभी राहिले. कुठं वळायचं ते आठवेना असं नाही ग, वळायचं असतं हेच आठवेना. भिंगरीनं शिट्टी मारली आणि हात ओढला, मी मागोमाग गेले. त्यानंतर मी रोज खेळ म्हणून विचारते, आणि खेळ कुठं संपतो ते मला सांगता येत नाही. दवाखान्याच्या मागच्या बाकावर मी बोलले नाही, कारण तोंड उघडलं असतं तर पोरीला कळलं असतं.

डोळे आहेत की डोकं, मला माहीत नाही. दोघंही एकाच घरात राहतात आणि एकमेकांवर ढकलतात. ते ठरवायला मी स्वतः फोन करून डॉक्टरांची वेळ घेतली आहे, गुरुवार, सव्वीस मार्च, सकाळी अकरा. बरोबर घरचं माणूस आणा असं तिथल्या मुलीनं सांगितलं. मुलगा नको, तो डॉक्टरांच्या आधी रडेल. सून नको, ती माझ्या आधी उत्तरं देईल. मला तिथं माझ्याशी भांडू शकणारं माणूस हवं. शाळेतून कधी रजा घेतली नाही हे तुझं पालुपद मला ऐकवू नकोस. स्वेटरांचा ढीग एक दिवस स्वतःला सांभाळेल.

कलम चार मागे घेऊ नकोस. पण त्यातली सत्तरी खोड. वयाला वाट कळत नाही, माणसाला कळते. 'घरची वाट स्वतः ओळखणारी व्यक्ती' असं घाल. त्यात फोनमध्ये डोकं खुपसून चालणारे दोनचार बापही गळतील. मी त्यात बसले तर फाटकाशी येईन. नाही बसले तर व्हॅन दारात येते तेव्हा खाली उतरून उभी राहीन आणि त्या ड्रायव्हरकडून रोजच्या बातम्या काढून घेईन. मला तेही जमेल. पण हे मला कुणीतरी तोंडावर सांगायला हवं, आणि ते तू असावीस.

सव्वीस तारखेला तू येणार की नाही, आणि आलीस तर डॉक्टरांच्या खोलीत माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसणार की बाहेर बाकावर, एवढंच लेखी कळव. बाहेर बसायचं असेल तर येऊ नकोस. उत्तर माझ्या हातात मंगळवार, चोवीस मार्च, दुपारी बाराच्या आत पडलं पाहिजे.

तुझी ताई