कलफ

मामंजी, तुम्ही गेलात त्याला चाळीसच्या वर वर्षं झाली, आणि मी तुमच्याशी थेट बोलतेय ती आज पहिल्यांदा. तुमच्या घरात तुमच्या हयातीत अकरा वर्षं नांदले, पण सुनेनं सासऱ्यांशी बोलायचं नाही म्हणजे नाही. तुम्हाला काही सांगायचं असलं की तुम्ही ते माजघरातल्या खांबाला सांगायचात. "आज जरा लवकर जेवलो असतो," असं तुम्ही खांबाला म्हणायचं आणि मी आतून पान मांडायचं. मला काही विचारायचं असलं तर तुमच्या थोरल्या बहिणीला, आत्याबाईंना विचारायचं, मग त्यांनी तुम्हाला. सासूबाई माझ्या लग्नाआधीच गेलेल्या, घर सगळं आत्याबाईंच्या हातात. त्यांना काही विचारण्यापेक्षा गोदावरीत उडी घेतलेली बरी, असं माझं त्या वेळचं मत होतं. अजूनही फारसं बदललेलं नाही.

मी सोलापूरची, इंग्रजी मुलखातली. माहेरी कपडे परटाकडे जायचे. निजामाच्या राज्यात, नांदेडला आल्यावर आत्याबाईंनी पहिल्याच आठवड्यात धुण्याची बादली माझ्या पुढ्यात सरकवली. मला वाटलं, धुणं म्हणजे काय, आपटायचं आणि वाळत घालायचं. तुमचा पूजेचा रेशमी मुकटा मी सोडा घालून चांगला उकळला. झटकायला गेले तर बोट आरपार. मग ह्यांच्या पांढऱ्या सदऱ्यांवर निळीची पूड अशीच भुरभुरली, तर ते बांड्या गाईसारखे दिसायला लागले. आत्याबाई दारात उभ्या राहून म्हणाल्या, "हे काय करून राहिली गं? आता आणिक एक कापड नासलं की हिला सोलापूरला पोचवून यायचं. कायमचं." त्या गंमत करत नव्हत्या. माझ्या पाठच्या दोन बहिणी लग्नाच्या होत्या आणि परत पाठवलेल्या मुलीच्या बहिणींना कोण पत्करतं? मी त्या दिवसापासून कापडाला हात लावताना देवाचं नाव घेत होते.

पण एक सांगते, धुणारीला घरातलं सगळं कळतं. तुमच्या उशीच्या अभ्र्यावर दर पंधरवड्याला काळपट डाग यायचे. तेलाचे म्हणावेत तर तेलाचे नव्हेत. एकदा झाडताना कचेरीच्या दप्तरामागे बरणी सापडली, तेव्हा उलगडा झाला. तुम्ही कलप लावत होतात. पन्नाशी उलटलेली, केस मात्र कोळशासारखे. आत्याबाई तर आळीभर सांगायच्या, "आमच्या घराण्यात केस पिकतच न्हाईत." मी ही गोष्ट ह्यांनासुद्धा सांगितली नाही. तेवढं एकच गुपित माझ्याकडे होतं, आणि ते जपण्यात मला मोठं सुख वाटायचं.

मग तो दिवस आला. तालुकदारांच्या, म्हणजे निजामाच्या कलेक्टरांच्या कचेरीत पेशकाराची, त्यांच्या खास कारकुनाची जागा निघाली होती आणि तुम्हाला बोलावणं होतं. तुमची काळी सुती शेरवानी एकच. ती मी उन्हात वाळवून वाळवून खांद्यावर विटकरी करून ठेवली होती. आदल्या दिवशी तुम्ही खांबाजवळ आलात आणि म्हणालात, "उद्याच्या कपड्यांना जरा कलफ लागला तर बरं होईल." आणि गेलात. मी आत उभी. कलफ? आम्ही सोलापूरला खळ म्हणतो. कलफ हा शब्द मी जन्मात ऐकला नव्हता. मी ऐकलं कलप. आणि मला वाटलं, बरोबर आहे की. शेरवानी विटलीय, बरणी घरात आहे. उघड सांगता येत नाही म्हणून सुचवलंय. पायजमा पांढराच होता, त्याला कशाला लावायचा? माझ्यावर तुम्ही एवढा विश्वास टाकलात म्हणून मला इतका आनंद झाला की मी निम्मी बरणी कालवली आणि शेरवानीला फडक्यानं दोन हात दिले.

सकाळी तुम्ही ती अंगात घातलीत, बाह्या न्याहाळल्यात आणि खांबाला म्हणालात, "वा." तुमच्याकडून मला मिळालेली ती पहिली शाबासकी. उन्हाळ्याचे दिवस, कचेरी लांब, तुम्ही पायी. दुपारी परत आलात तेव्हा मान काळी, मनगटं काळी, पायजम्यावर ओघळ. तालुकदारांच्या पांढऱ्या बैठकीवर तुमचा पुरता ठसा उमटला होता. ते म्हणाले होते, "मुन्शीजी, आप तो रंग छोड रहे हैं." पेशकारी लोहा गावाकडच्या एका तरुण कारकुनाला मिळाली.

आत्याबाईंनी तुमच्याकडे पाहिलं आणि मग सरळ माझ्याकडे. "कुणी केलं हे?" मनातल्या मनात मी ट्रंक भरायला घेतली होती. तुम्ही टोपी काढलीत, खांबाला टेकलात आणि म्हणालात, "मीच लावला. केसांना लावतो त्यातला उरला होता."

आत्याबाई म्हणाल्या, "केसांना?" आणि शेरवानी, पेशकारी, मी, सगळं विसरून त्या घराण्याच्या केसांचं सुतक चार दिवस धरून बसल्या. त्या दिवसानंतर तुम्ही कलप लावला नाहीत. सहा महिन्यांत डोकं कापसासारखं झालं. मला फार वाईट वाटायचं, मामंजी. पदराआड रडलेसुद्धा.

पुढच्या शुक्रवारी कचेरीला सुट्टी होती. तुम्ही खांबासमोर पाट घेऊन बसलात आणि त्याला धुणं शिकवलंत. कलफ म्हणजे भाताची पेज, गाळून, पातळ करून. रेशमाला रिठे, सोडा कधीही नाही, आणि पिळायचं नाही, पंच्यात गुंडाळून दाबायचं. नीळ आधी फडक्यात बांधून पाण्यात हलवायची, मग कापड. काळं कापड उलटं करून सावलीत. तासभर बोलत होतात. मी आत तांदूळ निवडत एकेक शब्द पाठ केला. त्यानंतर माझ्या हातून कापड नासलं नाही.

गेल्या महिन्यात लातूरला माझ्या नातवाच्या लग्नात माझ्या मुलानं, म्हणजे तुमच्या नातवानं, पुन्हा तो किस्सा सांगितला, आमचे आजोबा शेरवानीला कलप लावून तालुकदारांसमोर गेले. मांडव हसला. सगळ्यांत जास्त मी हसले. नवी नातसून माझ्याजवळ बसली होती. तिनं हळूच विचारलं, "आजी, खरंच त्यांनीच लावला होता?"

खरं सांगायची ती वेळ होती. विचारलं होतं, तेही सुनेनं, तोंडावर, सरळ. मी म्हटलं, "हाव. लई हौशी होते."

हे पत्र मी फाडणार आहे, कारण आमच्या घरात आता सगळ्यांना वाचता येतं. चुकलं माझं, मामंजी. पण राहू द्या अजून थोडे दिवस तुमच्याच नावावर.