माहुलीला पुढे कोणी चालायचं

अहो,

हेमाला घेऊन मी पहाटेच निघाले आहे. कल्याणला गाडी बदलून आसनगाव, आणि तिथून माहुली. दिवेलागणीला परत येऊ. तुम्हाला उठवलं नाही, काल तुमची बैठक फार लांबली होती.

तीन हिवाळे तुमचं मंडळ माहुलीला निघालं आहे. पहिल्या वर्षी अध्यक्षांना पडसं झालं. दुसऱ्या वर्षी टोप्यांचा रंग ठरेना. आणि काल तुम्ही कर्ते पुरुष, गड चढताना पुढे कोणी चालायचं आणि माथ्यावर भाषण कोणी करायचं, यावरून भांडून उठलात. पोहे मात्र कोणी टाकले नाहीत. चहा देताना हेमा म्हणाली, "दादा, मी पण येऊ?" तर सगळे हसलात. बायकांना चढ झेपत नाही म्हणे. रात्रभरात तेवढं एकच एकमताने ठरलं.

भाजीवाल्या तुळसाबाईंचं माहेर गडाच्या पायथ्याशी आहे. त्या वाट दाखवणार आहेत. तुमचे नवे बूट हेमाने घातलेत. पुढे चिंध्या कोंबल्या की बरोबर बसतात. बुटांना आज पहिल्यांदा माती लागेल.

भाकऱ्या आम्ही नेल्या. स्टोव्हला पिन मारून ठेवली आहे, भात तुमचा तुम्ही टाका. त्यात चढ नाही.

संध्याकाळी मंडळी पुन्हा जमतील. त्यांना सांगा, पुढे हेमा होती, आणि भाषण कोणी केलं नाही.

सुमती