डाव्या हाताची मूठ

सांगली, दवाखाना
१९७३

प्रिय आईस,
प्रभूच्या नावानं शांतवनचा सलाम.

अक्षर वाकडं दिसंल, घाबरू नगंस. डाव्या हातानं लिव्हतोय. गिरणीत उजवा हात पट्ट्यात सापडला, मनगटापासनं काढावा लागला. जखम वाळत आलीया. मुकादम दुसरं काम देतो म्हणालाय, बघू.

धाकट्या मार्थीचा खोकला कसा हाय? तू अजून दुष्काळी कामावर खडी फोडायला जातीस का?

लय दिवस मी प्रार्थनाच केली न्हाई. देवाचं उपकार कशाचं मानायचं, कळंना.

शेजारच्या खाटंवर धोंडीबा हाय. विहिरीच्या सुरुंगात त्याचं दोन्ही हात गेलं. काल त्याला भरवायला कोण नव्हतं, म्हणून मी भाकरी कुस्करली. डाव्या हाताचा घास बघून तो थांबला. मग डोळं मिटून त्यानं खाल्ला. तवा माझ्या तोंडून आपसूक उपकारस्तुती निघाली.

या दुष्काळातबी सैपाकाआधी तू येशूच्या देवळासाठी ठेवलेल्या मडक्यात मूठभर जुंधळं टाकतीस, म्हणून मी चिडायचो. आता घरी आलो की मीच टाकीन. डावी का असंना, मूठ भरती.

तुझा,
शांतवन