डंकावरचं रील

एप्रिलचा शेवटचा शनिवार, खालापूर

आबा, फार दिवसांनी लिहिते आहे, रागावू नका. मसाल्याचा हंगाम आहे, आणि आज वीज गेल्यामुळे तुमचा मसाला कुटायचा डंक गप्प आहे म्हणून वेळ मिळाला. खरं तर हंगामाचं कारणही पूर्ण खरं नाही. वेळ जातो तो फोनमध्ये. तुम्ही गेल्यावर बायका दुकानातला तयार मसाला घ्यायला लागल्या, कुटायला येणाऱ्या कमी झाल्या. मग मीही आपला मसाला करून विकायला काढला, आणि विकायचा तर लोकांना दिसायला हवा, म्हणून रोज एक रील. रील म्हणजे फोनवरची छोटीशी फिल्म, सगळ्या जगाला दिसणारी. नेरळच्या नव्या सोसायट्यांतून, कर्जतच्या फार्महाउसांवरून ऑर्डरी येतात, हे नाकारत नाही. पण एका हातात फोन आणि दुसऱ्या हातात झारा, असं दोन्ही नीट होत नाही. मध्यंतरी रीलला गाणं शोधता शोधता कढईतली मिरची करपली आणि सगळा बाजार खोकत रस्त्यावर आला. मी तेही टिपलं. तेच सगळ्यात जास्त चाललं.

तुम्ही डंकावर कसे बसायचात ते आठवतं. मी शाळेत असेन. एक बाई धणे किती घालते ते मी दुसरीला सांगितलं, तेव्हा तुम्ही मला आत बोलावून एवढंच म्हणालात, "आपण गप्प बसतो म्हणून बायका आपल्यासमोर डबे उघडतात." आणि हातावर गुळाचा मोठा खडा ठेवलात. गूळ तोंडात असताना बोलता येत नाही, हे मला फार उशिरा कळलं.

आता ऐका. डोंगराखालच्या गावातल्या एक मावशी परवा कुटायला आल्या होत्या. त्यांच्या मसाल्याचं पंचक्रोशीत नाव आहे. त्या पाणी प्यायला गेल्या तेवढ्यात मी त्यांच्या मिरच्या, धणे, दगडफूल परातीत सुरेख मांडून फोन फिरवला आणि 'गावच्या मसाल्याचं गुपित' असं लिहून रील टाकलं. शेजारच्या पिशवीतून काय डोकावतंय ते मी पाहिलं नाही. गावाने पाहिलं. दुकानात मिळणाऱ्या तयार गरम मसाल्याचं पाकीट!

काल सकाळीच मावशी हजर. रांगेतल्या बायका डबे पदराखाली घेऊन ऐकत होत्या.

"काय गं पोरी, मी तुझं काय घोडं मारलं व्हतं?"

"चुकलं मावशी. आत्ता काढते."

"आता काढून काय? माझ्या जावंनं गावभर दाखवलंय. इतकी वर्सं तिला सांगते, माझ्या हाताची चव हाय. काल मला इचारते, जाऊबाय, ह्यो हात कंच्या दुकानात मिळतो वो?"

रांगेत कोणीतरी फिसकन हसलं. मी ओठ दाबले, तरी त्यांना दिसलंच.

"हसू नको. नातीचं लगीन हाय, जेवणाला मसाला माझाच लागायचा हाय. आता नवीन टाक. सांग, पाकीट तुझं व्हतं म्हून."

"माझं? डंकवालीच पाकीट वापरते म्हटल्यावर माझ्याकडे कोण येईल, मावशी?"

"आनि माझ्या पंगतीला कोन बसंल?"

यावर बी.कॉम.ला काही शिकवलं नव्हतं. मी म्हणाले, विचार करून सांगते. तेवढ्यात रांगेतली एक बाई डबा न उघडताच निघाली. जाताना तिने माझ्या फोनकडे असं पाहिलं, जसं चावणाऱ्या कुत्र्याकडे पाहतात. तिच्यामागून आणखी एक गेली. गंमत म्हणजे त्याच वेळी नेरळहून मेसेज आला: तो पाकीटवाला मसाला मिळेल का?

रात्रभर नाही, पण दुपारभर विचार केला. खोटं बोलणं मला जमत नाही, तुम्हीच तसं वाढवलंत. पण मावशींचं झाकलेलं मी उघडं केलं, तेव्हा थोडं माझ्या अंगावर घ्यायलाच हवं. सांगणार आहे: पाहुणे अचानक आले, घाईच्या भाजीसाठी मी आणलेलं पाकीट चुकून मावशींच्या पिशवीत गेलं. गिऱ्हाइकं हसतील. हसून परत आली तर डंक चालेल.

हे पत्र आधीच्या पत्रांसारखं वहीतच राहील, म्हणून एक सांगते. खोटं बोलू की नको यापेक्षा, ते बोलताना साडी कोणती नेसू, याचाच विचार मी जास्त केला.

उद्या: रीलमध्ये हातात धरायला तसलंच एक पाकीट आणणे. खालापुरातून नको, कर्जतहून.