खोली का झाली नाही, याचा खुलासा

मिठवाडी, भाईंदर
२६ डिसेंबर १९७१

तीर्थरूप मामांच्या पायांवर नाथाचं डोकं.

इकडे आम्ही सगळे धडधाकट आहोत, बाँब पडला नाही. मामीची कंबर आता कशी आहे? तांबडी गाय व्याली का? लहानपणी आपण मला दोनदा विहिरीतून बाहेर काढलंत आणि तरीही पुढे जावई करून घेतलंत, म्हणून आपल्याशी खोटं बोलवत नाही. खोली झालेली नाही.

नाथाच्या दाराला स्वतःची कडी लागली की सुलूला पाठवीन, असं आपण लग्नात चारचौघांत सांगितलं होतं. त्याला माघात दोन वर्षं होतील. मी अजून गावच्या पाच जणांबरोबर एका गाळ्यात झोपतोय आणि त्या दाराला कडीच नाही (आम्ही सुतळीने बांधतो). शाळेमागच्या मैदानावर चाळ होणार आणि तिच्यातली पहिली खोली माझी, असं ठेकेदार देवासमोर बोलला होता. त्याच्यावर मी जीव टांगून होतो.

आता आमच्या वाडीची कमिटी म्हणजे सात माणसं आणि एक शिक्का. लढाई लागली तशी कमिटीने एकाच सकाळी तीन नोटिसा लावल्या. पहिली, विमानहल्ला झाला तर लपायला शाळेमागच्या मैदानावर खंदक खणावा. दुसरी, शाळेमागच्या मैदानावर चाळ बांधायला परवानगी आहे. तिसरी, मिठाच्या बैलगाड्या गल्लीत उभ्या करू नयेत, काळोखात लोक अडखळतात, त्या शाळेमागच्या मैदानावर नेऊन सोडाव्यात. तिन्ही लोकांनी वाचल्या आणि कमिटी कामाला लागली म्हणून समाधान मानलं.

मी मिठागरात तोलाई करतो, दिवसभर आकडे ओरडून माझा आवाज मोठा झालाय. तेवढ्यावर मला वॉर्डन केलं. शिट्टी मिळाली, दंडाला पट्टा मिळाला. मी मिठागरातली वीस माणसं घेऊन मैदानावर गेलो, तर तिथे चुन्याच्या फक्कीने रेघा आखलेल्या. कमिटीने खंदक आखून ठेवलाय असं मला वाटलं. (खंदकाला स्वयंपाकघरासारखे कोपरे कशाला, असं आमच्या गाळ्यातल्या रामूने विचारलं होतं. मी त्याला देशासाठी गप्प बसवलं.) मिठागरातल्या माणसाच्या हाताला वाकडं खणणं जमतच नाही. दोन दिवसांत त्यांनी असं काम केलं की कुठेही पाणी ओता, चारी बाजूंना सारखं उभं राहील.

तिसऱ्या दिवशी ठेकेदार आला आणि आपल्या आठ खोल्यांचा पाया फुकटात खणलेला बघून त्याने मला मिठीच मारली. मीही मनात सुलूची चूल मांडून मोकळा झालो. पण संध्याकाळी कमिटी बसली. त्यांनी ठरवलं, खणला तो खंदक; वरून हुकूम येईपर्यंत त्यात कोणी दगड टाकायचा नाही, आणि ठेकेदार चोरून बांधकाम करतोय का याच्यावर वॉर्डनने पहारा ठेवायचा. म्हणजे मामा, माझी खोली होऊ नये म्हणून शिट्टी घेऊन मीच उभा. वाचून मामी हसेल, पण मला खरंच रडू येत होतं.

मग एकदा दिवेलागणीला भोंगा झाला. मी शिट्टी फुंकली, वाडी खंदकात उतरली. खाडीचं पाणी पाझरून आत गुडघाभर झालं होतं, ते उतरल्यावरच कळलं. तिसऱ्या नोटिशीप्रमाणे मीठ वाहणाऱ्या महिपतची बैलगाडी मैदानात उभी होती. शिट्टीने बैल बुजले आणि गाडीचं एक चाक खंदकात आलं (नेमकं सांगायचं तर माझ्या खोलीत). माझ्या शेजारी, समुद्राकाठच्या पाली गावाहून मासळी विकायला आलेल्या गर्ट्रूडबाई पाटी डोक्यावर घेऊन पाण्यात उभ्या होत्या. एवढा पहारा करून मी तोंड पाडून का उभा, असं त्यांनी विचारलं. मी आपली अट, कडी, सुलू, सगळं सांगून बसलो. काळोखात माणूस बोलतो.

त्या म्हणाल्या, "बायको काय मीठ हाय, कोठार बांधल्याबिगर आणता येत न्हाय?"

लढाई संपून दहा दिवस झाले. खंदक बुजवायचा हुकूम आलेला नाही, बांधायचा आलेला नाही, आणि महिपत म्हणतो गाड्यांचा अड्डा आता कायमचा. तिघांकडेही शिक्क्याचा कागद आहे. तेव्हा खोलीला उशीर होईल. माझ्यावर राग धरू नये. लहानांना आशीर्वाद.

आपला भाचा आणि जावई,
नाथा

ता. क. एक मागणं होतं, ते वर लिहायला धीर झाला नाही. गर्ट्रूडबाईंच्या घराची मागची खोली रिकामी आहे. पालीहून मिठागर लांब पडेल, पण मी सायकलने येईन जाईन. खोलीला कडी आहे, आतून आणि बाहेरून लावून पाहिली. दुसऱ्याची कडी चालत असेल तर सुलूला पाठवावं. तिच्यावाचून मला करमत नाही.

ता. क. दुसरा. पत्र टाकायला रामूकडे दिलं होतं, ते त्याच्या खिशातच राहिलं. काल संध्याकाळी सुलू ट्रंक घेऊन गाळ्याच्या दारात उभी. मी बोलावलं नव्हतं, देवाशपथ. आता आम्ही पालीला आहोत. पुढचं तीच लिहितेय.

बाबा, मी सुखरूप पोचले. मावशीकडे गेलेय असं आईने सांगितलं असेल. तिच्यावर चिडू नका, कडीच्या नादात तुम्ही मला म्हातारी करणार असं म्हणून तिनेच एस.टी.त बसवलं. मी इथे बरी आहे. रागवायला यायचं असेल तर जरूर या, मला तुम्हाला बघायचंच आहे. येताना माझा पाटा-वरवंटा घेऊन या.