पिस्टनला वंगण

आसेगाव, मंगळवार, जानेवारी १९७४

आज हे हसले! फौजेतून सुट्टीवर येऊन आठवडा झाला, पण विचारल्याशिवाय तोंड उघडत नव्हते. माझ्यावरच रुसलेत का, हाच घोर मला लागला होता.

संध्याकाळी मामाजी अंगणात बंडीच्या चाकाला वंगण देत होते. सहज म्हणाले, "तुह्या रायफलीले बी लावतं का रे असं?"

"बाबा, म्या बी तेच केलं होतं!" म्हणत हे खो-खो हसत सुटले. मग सांगतच राहिले. गोळी सुटली की तिचाच थोडा गॅस नळीतल्या पिस्टनला मागे ढकलतो, म्हणून पुढची गोळी आपोआप भरते. तो पिस्टन पुसून कोरडा ठेवायचा, नाहीतर तेल जळून काजळी धरते. यांनी बंडीच्या सवयीने तो तेलाने माखला आणि रायफल ऐन चांदमारीत, नेमबाजीच्या सरावातच, अडकली. उस्तादाने तीच डोक्यावर धरायला लावून मैदानभर पळवलं!

मामाजींचा वंगणाचा हात तसाच राहिला, इतके हसले. मीही, दाराआडून.

जेवणं झाल्यावर हे माझ्यापुढे येऊन बसले. "पिस्टन कोरडा राहू दे. माह्या डोक्याले तेल लावून देतं का?"

वाटीतलं तेल संपलं, तरी मी उठा म्हटलं नाही.